चिकन बाहेरून करपतं, आतून कच्चं राहतं: बॅकयार्डमधलं ग्रिल शिकायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत नवं घर घेतलं आहे. आधीचे मालक बावीस इंची कोळशाचं केटल ग्रिल आणि तीन बर्नरचं गॅस ग्रिल, दोन्ही मागेच सोडून गेले. पहिल्या दोन वेळा चिकनच्या तंगड्या बाहेरून काळ्या झाल्या आणि हाडाजवळ कच्च्या राहिल्या. ४ जुलैला बारा माणसं येणार, त्यांतली निम्मी शाकाहारी. शिकायचं कुठून, आणि त्या दिवशी काय काय करायचं?

मसाला बदलून हे सुटणार नाही. चूक आचेच्या मांडणीत आहे. आपला हात शेगडीवर बसलेला असतो: शेगडी उघडी, निखारे सगळीकडे सारखे पसरलेले, वर जाळी, आणि धग कमी वाटली की पुठ्ठ्याने वारा. पापड, सुका बोंबील, कणीस यांना तेवढं पुरतं, कारण ते पटकन भाजून निघतात. वांग्याची साल तर करपलीच पाहिजे, आपण ती काढूनच टाकतो. हाडासकट तंगडीला मात्र आतपर्यंत शिजायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि उघड्या निखाऱ्यावर तिची वरची बाजू सात-आठ मिनिटांत काळी पडते.

अमेरिकन ग्रिल मुळात झाकणासाठी बनलेलं आहे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये पाण्यावर तरंगणारे गोल बोये बनत. तिथल्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये तसाच एक गोल मधोमध कापून खालच्या अर्ध्याला पाय आणि वरच्याला दांडी लावली, ते हे केटल. झाकण लावलं की त्याची भट्टी होते. गरम हवा आत फिरते आणि पदार्थ सगळ्या बाजूंनी शिजतो. शिवाय निखाऱ्यांना हवा कमी मिळाल्याने चरबीचे थेंब पडून भडका उडत नाही. झाकण उघडं ठेवून तंगडी भाजणं म्हणजे ओव्हनचं दार उघडं ठेवून केक करणं.

म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: आचेचे दोन भाग करा. निखारे जाळीच्या अर्ध्या भागाखालीच ठेवा, दुसऱ्या अर्ध्याखाली काहीही नको. निखाऱ्यांवर खरपूसपणा आणायचा आणि मोकळ्या बाजूला झाकणाखाली शिजवायचं. गॅसवर तीनही बर्नर पूर्ण लावून झाकण बंद ठेवा, दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मग एका टोकाचा बर्नर बंद करा. काहीही भडकलं, घाई झाली, फोन आला, तर पदार्थ मोकळ्या बाजूला सरकवा आणि झाकण लावा. भडक्यावर पाणी मारू नका. पेटलेल्या चरबीवर पाणी पडलं की ती उडते आणि राखेचा फुफाटा जेवणावर बसतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट म्हणजे पंधरा-वीस डॉलरचा झटपट वाचणारा थर्मामीटर. नवा एप्रन किंवा नवे चिमटे घेण्याआधी हा घ्या. झाकणावरचा काटा वरच्या हवेचं तापमान सांगतो, मांसाचं नाही. अमेरिकी कृषी खात्याचे आकडे पाठ करण्याजोगे आहेत: कोंबडी आणि टर्की १६५ अंश फॅरनहाइट (७४ सेल्सिअस), कुठल्याही लाल मांसाचा खिमा १६० (७१), मासे आणि मटणाचे अखंड तुकडे १४५ (६३), त्यांतल्या मटणाला वर तीन मिनिटं विश्रांती. टोक सर्वांत जाड भागात घाला. हाडाला लागलं तर आकडा चुकतो. रंगावर विसंबू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग झिरपून मांस नीट शिजूनही लालसर दिसू शकतं, आणि उलट पांढरं दिसणारं मांस कच्चं असू शकतं. तुमच्या तंगड्या खरोखर कच्च्या होत्या की नुसत्या लाल, हेसुद्धा थर्मामीटरशिवाय कळणार नाही.

आता कोळसा. पिशवीवर ‘मॅच लाइट’ किंवा तशा अर्थाचं काही असेल तर ती पिशवी दुकानातच ठेवा. त्या कोळशात पेटवण्याचं द्रावण मुरवलेलं असतं आणि ते नीट जळून गेलं नाही तर जेवणाला रॉकेलसारखा वास लागतो. साधे ब्रिकेट, म्हणजे कोळशाचा भुगा दाबून केलेल्या वड्या घ्या, सुरुवातीला तेच बरे. आकार एकसारखा असल्याने धग मोजता येते. लाकडाचा ओबडधोबड कोळसा जास्त तापतो आणि राख कमी करतो, पण लवकर संपतो आणि ठिणग्या उडवतो. पेटवायला चिमनी स्टार्टर घ्या, म्हणजे दांडी लावलेला, तळाशी जाळी असलेला पत्र्याचा डबा. मोठ्या चिमनीत साधारण शंभर ब्रिकेट मावतात. तंगड्यांसाठी पाऊण डबा भरा, खाली वर्तमानपत्राचे दोन चुरगळलेले कागद ठेवा, कागद पेटवा आणि डबा ग्रिलच्या खालच्या जाळीवर उभा ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या ब्रिकेटांवर राखाडी थर येतो, तेव्हा ते एका बाजूला ओता. त्याआधी ओतलं तर कडवट धूर मिळतो, आणि फार थांबलात तर अर्धा कोळसा डब्यातच जळून जातो.

आच वाढवणं-कमी करणं हवेच्या झडपांवर असतं. खालची झडप मुख्य. ती पूर्ण उघडी असेल तर आच जोरात, अर्धी असेल तर मध्यम. वरची झडप नेहमी निदान अर्धी उघडी ठेवा आणि झाकण असं फिरवा की ती निखाऱ्यांच्या विरुद्ध, म्हणजे पदार्थांच्या वर येईल. मग गरम हवा चिकनवरून जाऊन बाहेर पडते. वरची झडप बंद केली तर निखारे गुदमरतात आणि शिळ्या धुराची कडू पुटं चढतात. झाकण दर दोन मिनिटांनी उघडून बघायची सवय सोडा. उघडलं की आतली गरम हवा गेली, निखाऱ्यांना नवी हवा मिळाली, म्हणजे शिजणं थांबलं आणि करपणं वाढलं. धग जोखायला तळहात जाळीच्या वर पाचेक इंचांवर धरा. दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर आच मोठी, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम.

गॅसच्या ग्रिलचा एक नेहमीचा घोटाळा ठाऊक असू द्या, कारण लोक त्यापायी ग्रिलच फेकून देतात. सगळं पूर्ण उघडूनही ते २५०-३०० अंश फॅरनहाइटच्या वर जात नाही, ज्योती बारीक राहतात. बहुतेक वेळा बिघाड काही नसतो. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, किंवा बर्नरची बटणं आधीच चालू होती, की आतल्या सुरक्षा यंत्रणेला गॅस गळतोय असं वाटतं आणि ती प्रवाह आखडते. सगळी बटणं बंद करा, सिलिंडर बंद करा, जोडणी सोडवून दोन-तीन मिनिटं थांबा, परत जोडा, सिलिंडर अगदी हळू उघडा, आणि मग झाकण उघडं ठेवून बर्नर लावा. झाकण बंद ठेवून कधीही पेटवू नका. साचलेला गॅस एकदम पेट घेतो. पहिल्या खटक्यात पेटलं नाही तर बंद करून पाच मिनिटं जाऊ द्या.

जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघणं तुम्हाला घरच्या सिलिंडरमुळे माहीत असेलच. गॅस किती उरलाय हे पाहायला सिलिंडरच्या बाजूवरून गरम पाणी ओता आणि हात फिरवा. जिथून थंड लागतं तिथपर्यंत द्रवरूप गॅस आहे. वीस पौंडी सिलिंडर ताशी ३०,००० बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) ग्रिलला पूर्ण आचेवर साधारण चौदा तास पुरतो. पण रिकामा देऊन भरलेला घेण्याच्या योजनेत बरेचदा पंधरा पौंडच गॅस भरलेला असतो, म्हणून पाहुण्यांच्या दिवशी दुसरा हाताशी ठेवा. दुसरा असो की पहिला, गॅरेजमध्ये किंवा घरात ठेवायचा नाही. बाहेर आणि उभाच ठेवायचा.

शिकायचा क्रम. चिकनपासून सुरुवात केलीत हीच पहिली अडचण. पहिल्या शनिवारी कणसं, कांदे, झुकिनी आणि ढोबळी मिरची करा. ती थोडी कमी-जास्त झाली तरी खाता येतात आणि तुमच्या ग्रिलवर कुठे जास्त तापतं ते कळतं. दुसऱ्यांदा बिनहाडाच्या मांड्या. मग हाडासकट. चिकनची छाती सर्वांत शेवटी, कारण तिच्यात चरबी नाही आणि दहा अंश पुढे गेलं की ती चिंध्यांसारखी लागते.

अमेरिकेतलं कणीस गोड जातीचं असतं, आपल्याकडच्या पावसाळी कणसासारखं पिठूळ नाही. त्यामुळे त्याला वेळ कमी लागतो. सालं पूर्ण काढून थेट निखाऱ्यावर, दर दोन मिनिटांनी पाव फेरा देत, आठ-दहा मिनिटं. मग लिंबाच्या फोडीने मीठ-तिखट चोळा. सालासकट भाजायचा सल्ला इथे सर्रास मिळतो, पण तसं केलं तर ते वाफवलेलं कणीस होतं, भाजलेलं नाही.

आता हाडासकट तंगड्या आणि मांड्या, सहा-सात जणांना ४ पौंड (१.८ किलो). साल काढा आणि हाडापर्यंत दोन-दोन खोल चिरा द्या. आधी ३ सपाट टीस्पून बारीक मीठ, ३ टेबलस्पून लिंबाचा रस, ३ टेबलस्पून आलं-लसूण आणि २ टेबलस्पून काश्मिरी तिखट चोळून अर्धा तास ठेवा. मग १ कप ग्रीक योगर्ट, ३ टेबलस्पून तेल, २ टेबलस्पून भाजलेलं बेसन आणि २ टीस्पून गोडा किंवा गरम मसाला लावून फ्रिजमध्ये चार ते आठ तास. ग्रीक योगर्ट आधीच गाळलेलं असल्याने दही टांगत बसायला नको. साधं दही वापरलं तर पाणी सुटतं आणि मसाला जाळीतून निखाऱ्यात जातो. बेसनाने तो चिकटून राहतो. दोन दिवस मुरवू नका, आंबटपणाने वरचा थर पिठूळ होतो.

ग्रिलवर ठेवताना जादा मसाला बोटांनी निपटून काढा. दह्याचे जाड गोळे शिजत नाहीत, फक्त जळतात. तुकडे मोकळ्या बाजूला, मांडीचा जाड भाग निखाऱ्यांकडे करून ठेवा, झाकण लावा, काटा ३७५ ते ४०० च्या दरम्यान. वीस मिनिटांनी एकदाच उघडून जागा बदला. एकूण पस्तीस-चाळीस मिनिटांत आतलं तापमान १६५ ला येईल. तेव्हा निखाऱ्यांवर घेऊन दोन्ही बाजूंनी दोन-दोन, फार तर तीन मिनिटं. मांडी-तंगडी १७५-१८० पर्यंत नेली तर आतले चिवट पडदे विरघळतात आणि मांस हाडावरून सुटतं. सुरक्षिततेला १६५ पुरे, चवीला १७५ बरं. बाटलीतला बार्बेक्यू सॉस आवडत असेल तर तो शेवटच्या पाच मिनिटांत. त्यात साखर असते, आणि तुमच्या काळ्या तंगड्यांवर तो आधीपासून लावलेला असेल तर निम्मं कारण तिथेच सापडलं.

जाळीला चिकटणं हीसुद्धा नवशिक्यांची तक्रार. जाळी नीट तापलेली आणि घासलेली हवी, तेल पदार्थाला लावलेलं हवं, आणि पहिली तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. कवच धरलं की तुकडा आपणच सुटतो. ओढून काढावा लागतोय म्हणजे अजून वेळ आहे.

बर्गर हवेतच, मुलं ऐकणार नाहीत. बीफ खात नसाल तर लॅम्ब किंवा टर्कीचा खिमा, एका टिक्कीला १५० ग्रॅम, मध्ये अंगठ्याने खळगा (नाहीतर ती फुगून चेंडू होते) आणि मीठ ग्रिलवर ठेवण्याच्या क्षणीच. मीठ आधी मळलं की खिमा चिवट होतो. लॅम्ब १६०, टर्की १६५. उलथन्याने दाबू नका, रस निघून जातो आणि भडका होतो.

शाकाहाऱ्यांबाबत तुमचं नशीब चांगलं आहे, दोन ग्रिल आहेत. गॅसचं ग्रिल पूर्ण शाकाहारी ठरवा, कोळशाचं मांसाहारी. चिमटे आणि ताटंही वेगळी. कडक पाळणारं कोणी येणार असेल तर गॅस ग्रिलची जाळीच नवी घ्या, आधीच्या मालकांनी त्यावर काय काय भाजलं असेल ते घासून जात नाही. पनीर ८०० ग्रॅम घ्या, दुकानातलं घट्ट. दीड इंचाचे तुकडे मिठाच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, नाहीतर ते रबरासारखं होतं. वरचाच मसाला चालतो, मीठ निम्मं. चपट्या सळ्या घ्या. गोल सळीवर तुकडा जागच्या जागी गरगरतो आणि एकच बाजू भाजते. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास भिजवा आणि दोन-दोन समांतर लावा. पनीर, कांदा आणि मिरची एकाच सळीवर फोटोत छान दिसतात, पण कांदा शिजेपर्यंत पनीर वाळतं. वेगवेगळ्या सळ्या करा. झुकिनीचे लांब काप अर्ध्या इंचापेक्षा पातळ नकोत.

इथल्या तयार वस्तूंत लपलेलं मांस असतं, ते तपासा. नेहमीच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, डब्यातल्या बेक्ड बीन्समध्ये बरेचदा डुकराचं मांस, वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासे, ब्रिऑश बनमध्ये अंडं. मुलांना निखाऱ्यांवर मार्शमेलो भाजायचेच असतात, त्यांच्यासाठी जिलेटिनविरहित पाकीट आधीच आणून ठेवा.

त्या दिवशीचं वेळापत्रक. जुलैच्या सुरुवातीला तुमच्याकडे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे भर दुपारी भाजत बसायची गरज नाही. पाचला पनीर भिजत घाला. सव्वापाचला चिमनी पेटवा आणि गॅस ग्रिल तापत ठेवा. पावणेसहाला तंगड्या केटलवर, त्याच वेळी गॅसवर कणसं, म्हणजे आलेल्यांच्या हातात लगेच काहीतरी पडतं. सहाला दुसरी अर्धी चिमनी पेटवून ठेवा, कारण बर्गरची वेळ येईपर्यंत पहिले निखारे उतरलेले असतात. साडेसहाला पनीर आणि भाज्या, सात ते आठ मिनिटं. तंगड्या उतरल्या की नवे निखारे टाकून बर्गर. सातला ताटं. कच्च्या चिकनचं ताट लगेच आत पाठवा, शिजलेलं त्यावर परत ठेवायचं नाही. कोशिंबीर, दहीभात, बटाट्याचं सॅलड असं बाहेर दोन तासांहून जास्त नको, आणि हवा ९० अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर एकच तास.

शेवटी उरलेल्या निखाऱ्यांवर दोन जाडी वांगी टाका. टोचे मारून, तेल लावून, फिरवत वीस-पंचवीस मिनिटं. खानदेशी हिरव्या वांग्याची आणि पराटीच्या (कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळाची चव येणार नाही, पण गॅसच्या शेगडीवरल्या भरतापेक्षा कितीतरी चांगलं भरीत दुसऱ्या दिवशी मिळेल. रताळी फॉइलमध्ये गुंडाळून मोकळ्या बाजूला पाऊण तास ठेवली तर तीही होतात. आषाढी एकादशी जुलैच्या आसपासच येते, तेव्हा लक्षात असू द्या. श्रावण पाळत असाल तर मांसाहाराचे सगळे प्रयोग गटारीच्या आत उरका, पुढचा महिनाभर कणसं-पनीर आहेच.

जागेबद्दल हयगय नको. ग्रिल भिंतीपासून आणि लाकडी कठड्यापासून दहा फूट लांब. व्हायनिल सायडिंग (घराच्या भिंतीवरचं बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण) पेटण्याआधीच वितळतं आणि ते तुमच्या लक्षात दुसऱ्या दिवशी येतं. टाउनहाउस असेल तर फायर कोड आणि एचओएचे (घरमालकांच्या संघटनेचे) नियम आधी वाचा, बाल्कनीत कोळसा बहुतेक ठिकाणी चालत नाही. पाऊस आला म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये ओढू नका, दार उघडं असलं तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो. ग्रिलभोवती तीन फुटांवर खडूने गोल आखा आणि मुलांना, कुत्र्याला त्याच्या बाहेर ठेवा. मुलांना कणसं सोलणं आणि भाज्या सळीला ओवणं ही कामं द्या.

जेवणं झाली की दोन्ही झडपा बंद करा, निखारे विझतात आणि उरलेले ब्रिकेट पुढच्या वेळी नव्यांत मिसळता येतात. राख वरून गार दिसली तरी आत दिवसभर विस्तव असतो. अठ्ठेचाळीस तासांनी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, प्लॅस्टिकच्या कचराकुंडीत किंवा कागदी पिशवीत कधीच नाही. जाळी गरम असतानाच घासा, पण तारांचा ब्रश नको. त्याची तुटलेली तार जेवणात जाऊन घशात किंवा आतड्यात रुतल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. अर्धा कांदा काट्याला खोचून, किंवा फॉइलचा बोळा चिमट्यात धरून घासलं तरी काम भागतं. गॅस ग्रिलचा चरबीचा ट्रे दर तीन-चार वेळांनी रिकामा करा, मोठ्या आगी तिथूनच लागतात. आणि हिवाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवाल तेव्हा ज्योतीकडे नीट बघा. निळी आणि टोकाला जराशी पिवळी असेल तर ठीक. पूर्ण पिवळी, लुळी पडली असेल तर बर्नरच्या नळीत कोळ्याने घर केलेलं असण्याची शक्यता मोठी. गॅस बंद करून बर्नर बाहेर काढा आणि बाटली धुण्याच्या लांब ब्रशने नळी आरपार साफ करा.